दम्याच्या जाहिरातीतली बाई

आमच्या घरी पाण्याच्या रांजणावर जे झाकण आहे, ती एका शक्तिवर्धक औषधाची जाहिरात आहे. जाड पत्रा, त्यावर भाजून बसवलेला निळा रंग आणि मधोमध दंड दाखवणारा पिवळा पहिलवान. झाकण झाल्यापासून तो उताणाच पडून असतो. ही पाटी मला श्रीवर्धनच्या कोळीवाड्यात मिळाली. तिथे ती खारवलेल्या मासळीच्या पिंपावर होती. मी तिच्या बदल्यात नवा कोरा पत्रा पुढे केला तेव्हा पिंपाची मालकीण कमरेवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली.

"नवा पत्रा देऊन जुना न्यायचा? दादा, डोस्कं ठिकाणाव हाय ना तुमचं?"

पाटी घरी आणली, राखेने घासून वास घालवला आणि भिंतीला टेकवून ठेवली. दुसऱ्या दिवशी ती रांजणावर गेली. "या घरात जे राहील ते काम करून राहील," एवढेच बायको म्हणाली. मी वाद घातला नाही. पाटी मापाने रांजणाला बरोबर बसत होती.

मी सुपारीच्या वखारीत काट्यावर असतो. दिवसभर काटा बघायचा आणि आकडा सांगायचा, हे माझे काम. घरची पोफळीची लहानशी वाडी आहे, तिच्यावर घर चालत नाही आणि तिच्यावाचूनही चालत नाही. आकड्यांत खोट दिसली की मला चैन पडत नाही, आणि जुन्या जाहिराती जमवण्याच्या नादाला मी लागलो तो त्याच स्वभावापायी. वडिलांच्या वेळची जुनी पंचांगे चाळताना मागच्या पानावर एका तापाच्या औषधाची जाहिरात दिसली. या औषधाने एक लक्ष रोगी बरे झाले, असे तिच्यात होते. मग पुष्कळ वर्षांनंतरचे पंचांग काढून पाहिले, तर त्याच औषधाने त्यात एक लक्षच रोगी बरे केलेले. म्हणजे एवढ्या काळात एकही नवा रोगी बरा झाला नव्हता, किंवा मोजणाराच तापाने गेला होता. ती दोन पाने मी फाडून एकत्र ठेवली. संग्रहाची सुरुवात ती.

पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद, बाटल्यांवरची वेष्टने, कपाटांना आतून चिकटवलेली हस्तपत्रके असे जमत गेले. नव्या जाहिराती मी घेत नाही. त्या आता कुठल्याही वर्तमानपत्रात ढिगाने असतात आणि त्यांची भाषाही घाईची असते. मला हव्या असतात प्लेगच्या आधीच्या. तेव्हा थाप मारायलाही माणसे वेळ घेत. मद्रासकडचे एक जज्जसाहेब माझ्याकडे चार कागदांवर आहेत. एकावर त्यांची मूळव्याध बरी झाली, दुसऱ्यावर स्मरणशक्ती परत आली, तिसऱ्यावर केस. चौथ्यावर ते निवृत्त झालेले आहेत, पण खोकला गेला आहे.

कागद मी रोगांप्रमाणे लावून ठेवतो. कारखान्यांप्रमाणे लावण्यात अर्थ नाही, कारण कारखाने बुडतात आणि रोग राहतात. अशक्ततेचा गठ्ठा सर्वांत जाड, त्याच्या खालोखाल दम्याचा. दम्याचा इतका का वाढला, हे घरात कोणी विचारले नाही. विचारण्यासारखे नव्हते.

बायकोला दमा आहे. मुलगी झाल्यानंतरच्या पावसाळ्यात सुरू झाला तो आजतागायत आहे. वैद्यांचा अडुळसा झाला, सरकारी डॉक्टरांच्या पुड्या झाल्या, धोत्र्याच्या पानांच्या विड्याही झाल्या. विड्या ओढताना बघून मुलगी लहानपणी फार हसायची. जाहिरातीतले औषध मात्र मी कधी मागवले नाही. दम्याच्या इतक्या थापा ज्याच्या पेटीत आहेत, त्याने आणखी एक टपालाच्या व्ही. पी.ने मागवावी हे मला पटत नव्हते. तिनेही कधी आग्रह धरला नाही. ती माझ्या संग्रहाला 'थापांचं दप्तर' म्हणते.

ज्या वर्षाची ही हकीगत आहे, त्या वर्षी तिला एकोणचाळिसावे लागले होते. माझ्या सासूबाई दम्यानेच गेल्या, एकोणचाळिसाव्या वर्षी. यावर आमच्यात एक अक्षरही बोलणे झाले नाही. पण त्या वर्षी तिने मुलीला लोणच्याच्या मिठाचे माप शिकवायची घाई केली. कुठल्या बरणीत काय आहे, पाहुण्यांची भांडी कुठे, देवाची वस्त्रे कुठल्या गाठोड्यात, हे येता-जाता सांगू लागली. दिवाळीला मी खण आणला तो तिने उलगडून पाहिला, छान आहे म्हणाली आणि तसाच घडी करून ट्रंकेत ठेवला.

"शिवायला टाक की," मी म्हटले.

"टाकीन. घाई काय आहे?"

लोणच्याची घाई होती आणि खणाची नव्हती. मला हिशेब कळत होता.

कार्तिक संपता संपता शेजारच्या चाचांनी हाक मारली. चाचा म्हणजे आमच्या वाडीला लागून घर असलेले म्हातारे मुसलमान गृहस्थ. त्यांच्या वडिलांचा आफ्रिकेपर्यंत व्यापार होता. आता पेट्या आणि गोष्टी उरल्या आहेत. पावसात वाळवी लागलेली एक सागवानी पेटी त्यांनी अंगणात उपडी केली होती.

"ये भाऊ, तुझ्या कामाचा कचरा निघालाय."

पेटीला आतून कागद चिकटवलेले होते. ओले फडके ठेवून आम्ही ते हळूहळू सोडवू लागलो. बाकीचे गुजराती बातम्यांचे तुकडे होते. झाकणाच्या आतल्या बाजूचा कागद मात्र पुरा निघाला. दम्याच्या औषधाची जाहिरात, आणि मराठीत. औषधाचे नाव लिहीत नाही, तसली नावे अमृत आणि संजीवनी यांच्या आसपासच फिरतात. वर दोन चित्रे होती. डाव्या चित्रात एक बाई गुडघ्यांवर कोपरे टेकून वाकून बसलेली, खाली 'पूर्वी'. उजव्या चित्रात तीच बाई डोक्यावर हंडा, कडेवर कळशी घेऊन ताठ उभी, खाली 'नंतर'.

"माशाल्ला," चाचा म्हणाले. "आमच्या वेळी ही बाटली आमच्या घरच्यांसाठी मागवली असती, तर दोन हंडे उचलले असते."

"मागवली नव्हती का?"

"मागवली असेल, कागद आहे म्हणजे. गुण येणं, शिफा, अल्लाच्या हातात, भाऊ. दुकानदाराच्या हातात बाटली."

चित्रांच्या खाली प्रशंसापत्रे होती. त्यांतले शेवटचे असे: 'माझ्या कुटुंबास दम्याचा अत्यंत उपद्रव होता. रात्री निजणे माहीत नव्हते. आपल्या दोन बाटल्यांनी विकार समूळ गेला. आता ती विहिरीचे पाणी स्वतः ओढिते. ईश्वर आपला उत्कर्ष करो.' खाली एका गृहस्थाचे पूर्ण नाव आणि गाव: तळा.

मी कागद घरी आणून सुकायला पसरला. लाहोर, मद्रास, ग्वाल्हेर इकडची प्रशंसापत्रे मी शेकड्याने वाचली होती. खाडीपलीकडच्या तळ्याचे पहिलेच. मला मौज वाटली आणि मी बायकोला हाक मारली. ती मौजेसाठीच येऊन वाचायला वाकली. मग खाली बसली आणि पुन्हा वाचली.

"तळा म्हणजे आपलं तळा?"

"दुसरं कुठलं असेल?"

"मग हे काही लाहोर नव्हे."

मी सांगितले की हा कागद प्लेगच्या आधीचा असावा, औषध आज कोणी बनवत असेल असे वाटत नाही, आणि पत्र कारखान्यातच बसून लिहिलेले असणार. ती ऐकून घेत होती. श्वास लागला होता, म्हणून शब्द थोडे थोडे येत होते.

"माणूस खरा आहे की खोटा, एवढं बघता येईल ना?"

"बघता येईल."

"मग बघून या. इतकी वर्षं सगळ्यांच्या थापा जमवल्यात. एक खरी निघाली तर काय बिघडलं?"

थोड्या वेळाने आतून म्हणाली, "नसेल निघत तर तसं सांगा. पण बघून या."

वखारीतून रजा काढली. श्रीवर्धनहून म्हसळ्यापर्यंत बैलगाडी, तिथून भरती धरून खाडीतून होडीने मांदाड, पुढे तळ्याचा चढ पायी. कागद दोन पुठ्ठ्यांत घालून धोतराच्या जुन्या पानात बांधला होता. मांदाडच्या धक्क्यावर जकातीच्या शिपायाने गाठोडे सोडायला लावले. पुठ्ठ्यांमधल्या कागदावर बाईचे चित्र बघून तो सावध झाला.

"औषध नेताय?"

"औषध नाही. औषधाची जाहिरात आहे."

"औषध नाही?"

"नाही."

"मग जकात कशावर घेऊ?" असे म्हणून त्याने कंटाळून हात हलवला. मी गाठोडे पुन्हा बांधले.

चढावर मी दोनदा बसलो. माझेही वय झाले होते. बसल्या बसल्या विचार केला की गृहस्थ खोटा निघाला तर काय सांगायचे ते ठरलेले आहे, आणि खरा निघाला तर मात्र काहीच ठरलेले नाही. औषध नसेल तर खरेपणाचा उपयोग काय? परत फिरावे असे मनात आले. पण 'बघून या' असे ती दोनदा म्हणाली होती.

तळ्याच्या बाजारात एका शिंप्याला नाव विचारले. त्याने मशीन थांबवले, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "घरात कुणाला आहे?"

"बायकोला."

"सरळ जा. पिंपळ लागेल. त्याच्यापुढे धान्याचं दुकान, आता बंद असतं. मागच्या बाजूने हाक मारा."

मागच्या बाजूने हाक मारली. पडवीत एक म्हातारे गृहस्थ आले. डोळे लाल, पापण्यांवर राख, हातात लोखंडी फुंकणी. अशा वेळी पाहुणा आला म्हणून ओशाळले नाहीत, फुंकणी कोपऱ्यात ठेवून त्यांनी मला बसायला सांगितले. पाणी आणि गुळाचा खडा आणून दिला.

"कुठून?"

"श्रीवर्धनहून."

"इतक्या वर्षांनी श्रीवर्धनहून! मला वाटलं होतं, आता कोणी यायचं नाही." मग त्यांनी विचारले, "पत्र कुठं मिळालं?"

मी गाठोडे सोडले. त्यांनी कागद उजेडात धरला, लांब धरला, जवळ आणला. तेवढ्यात आतून खोकला आला. साधा खोकला नव्हे. तो मी ओळखतो. आधी शीळ, मग खोकला, मग पुन्हा शीळ.

म्हाताऱ्यांनी कागद मांडीवर ठेवला. काही बोलायला त्यांनी तोंड उघडले, तोच आतून बाईचा आवाज आला.

"सांगा की! दुसरी बायको आहे म्हणून सांगा!"

"तू गप्प बस गं जरा."

"का? आलेल्याला नेहमीचं उत्तर द्या. श्रीवर्धनवरून चालत आलाय बिचारा."

म्हातारे माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात लाज होती, पण जुनी, वापरून गुळगुळीत झालेली.

"पत्र माझंच आहे," ते म्हणाले. "नाव माझं, अक्षर न् अक्षर माझं. पण बाटलीचं बूच काढायच्या आधी लिहिलेलं आहे."

मला समजले नाही. मी तसे म्हटले.

"आपण देवाला नवस बोलतो तेव्हा काय करतो? नारळ आधी बाजूला काढून ठेवतो ना? काम झालंच असं धरून. आणि औषध हातात घेतलं की आई काय म्हणायची? औषधाला नावं ठेवू नका, गुण येतो म्हणा, मग गुण येतो. बाटल्या आल्या त्या दिवशी ही पहाटेपर्यंत बसून होती. मी देवापुढे बाटल्या ठेवल्या, आणि गुण आला असं त्या कारखान्याला लिहून टाकलं. पाणी ओढते, असंही लिहिलं. वाटलं, लिहून दिलेलं औषधालाही मोडता यायचं नाही."

"आणि मग?"

"मग मोडलं की त्याने. बाटल्या संपल्या, हिचं होतं तसंच राहिलं. पत्र मात्र छापून आलं."

त्यानंतर माणसे येऊ लागली, असे त्यांनी सांगितले. कोणी बायकोसाठी, कोणी आईसाठी. कोणी नुसते विचारून जात, कोणी पाया पडत. पहिल्या एक-दोघांना खरे सांगितले. त्यांची तोंडे बघवेनात. मग एकदा थळचा एक कोळी आला. होडीने, मग पायी. त्याची आई घरी दम्याने बसलेली. त्याला म्हातारे म्हणाले की गुण आला, पूर्ण आला. आणि नेमकी ही आतून खोकली.

"तो माझ्या तोंडाकडे बघतोय," म्हातारे म्हणाले. "म्हणाला, काका, ही कोन खोकतंय? मी काय सांगणार? म्हटलं, ही माझी दुसरी बायको."

"आणि पहिली कुठं हाय विचारलंन त्याने!" आतली बाई आता दारात आली होती. चौकटीला धरून ती हळूच उंबऱ्याजवळ बसली. लहानखुरी, केस पांढरे, खांदे वर ओढलेले. माझ्या बायकोचे खांदे तसेच वर जातात. "तर हे म्हणाले, पहिली विहिरीवर गेलीय पाण्याला."

बोलून ती हसली, हसण्याचा खोकला झाला. म्हाताऱ्यांनी काही धावपळ केली नाही. पाण्याचे भांडे नुसते तिच्या हाताशी सरकवले आणि दुसरीकडे बघत बसले.

"त्या दिवसापासून मी दुसरी," ती श्वास बसल्यावर म्हणाली. "आळीतल्या बायकासुद्धा तसंच म्हणतात. बघू, माझं चित्र."

म्हाताऱ्यांच्या मांडीवरच्या कागदाकडे तिची नजर गेली होती; ते चित्र तिने आधी पाहिलेले नव्हते. पत्र छापून आले तेव्हा कारखान्याने कागद पाठवला होता, पण त्यावर चित्र नव्हते. तिने हंडा घेतलेल्या बाईवर बोट ठेवले.

"ही मी? एवढी जाड मी कधी नव्हते. आणि हे लुगडं कुठल्या देशाचं?" मग डाव्या चित्राकडे बघून म्हणाली, "ही मात्र मी. बसलीय बरोबर. काढणाऱ्याने कोणाला तरी बघितलं असणार."

औषधाचे मी विचारले. कारखाना केव्हाच बुडाला होता. मी ज्यासाठी आलो होतो ते काम तिथे संपले. कागद पुठ्ठ्यांत घालू लागलो, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या घरचीचं वय काय?"

मी सांगितले. आणि का कोण जाणे, जे घरात कधी बोललो नव्हतो तेही सांगितले: तिची आई याच दुखण्याने, याच वयात गेली.



"माझी आई पस्तिशीत गेली. मावशीही. मी साठीच्या पुढे आहे. दमा आहे तसा आहे. पण मीही आहे ना?" ती म्हणाली. मग एकदम विचारले, "सकाळी चूल कोण पेटवतं?"

"तीच पेटवते."

"कशावर?"

"सुपारीच्या सालींची सोडणं असतात, झावळ्या असतात. वाडीचंच."

"पावसाळ्यात ओली?"

"ओली."

तिने नवऱ्याकडे पाहिले. त्यांच्या पापण्यांवरची राख अजून तशीच होती.

"माझी आई धुरातच गेली," ती म्हणाली. "आम्ही सगळ्याच धुरात. बाटल्यांचा उपयोग झाला नाही, तेव्हा यांनी एक दिवस मला उठवून पडवीत बसवलं आणि स्वतः चुलीपुढे बसले. पेटवता येईना. सगळं घर धुराने भरलं. मी म्हटलं, ह्यांनी आधी मला मारलं असतं तर बरं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. अजून बसतात. लोक काय म्हणाले ते विचारू नका."

"काय म्हणाले?" मी विचारले.

"चूल फुंकणारा वाणी म्हणाले," म्हातारेच बोलले. "दुकानात येऊन म्हणायचे, शेट, तांदूळ कोरडेच देता की शिजवून?"

"तुम्हाला मुलगी आहे?" बाईने विचारले.

"आहे."

"मग तिला बसवू नका हं चुलीपुढे. आईला उठवून मुलीला बसवाल. पुरुषांचा हिशेब तसाच असतो."

मी तसाच हिशेब मनात करत होतो. तो तिला कसा कळला कोण जाणे.

निघताना मी कागद तिच्यापुढे धरला. ठेवायचा असला तर ठेवा म्हणालो. तशी प्रत पुन्हा मिळणार नाही हे मला माहीत होते आणि ती नको म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखे वाटले. "तुमच्या घरचीला दाखवा," ती म्हणाली. "डावीकडची दाखवा. उजवीकडची थाप आहे."

परत येताना भरतीची वेळ चुकली. मांदाडला रात्र काढून दुसऱ्या दिवशी घरी पोचलो. बायको पडवीत भिंतीला टेकून बसली होती. माझे पाय धुऊन झाले तेव्हा तिने विचारले.

"भेटले?"

"भेटले. पत्र त्यांचंच. पण औषध घेण्याआधी लिहिलेलं. नवसासारखं. गुण आला नाही."

ती मान हलवत राहिली, जणू हेच उत्तर येणार होते. मग अगदी बेताच्या आवाजात म्हणाली, "म्हणजे गेली ती."

"कोण?"

"ती बाई."

"गेली नाही. आहे. साठीच्या पुढे आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. मी आकड्यांत खोटे बोलत नाही हे तिला माहीत आहे.

"दम्यासकट?"

"दम्यासकट. शीळ ऐकली मी. आणि बोलते फार."

मग ती विचारत राहिली. कशी बसते? उशाला काय घेते? विहिरीवर जाते का? दात आहेत का? पहिल्यांदा कितव्या वर्षी लागला? माझ्याने जेवढी उत्तरे देववली तेवढी दिली. दात आहेत की नाहीत हे मी पाहिले नव्हते, त्याबद्दल तिने मला बोल लावला. दुसऱ्या बायकोची गोष्ट सांगितली तेव्हा ती हसली आणि तिलाही खोकला आला. मी पाण्याचे भांडे सरकवले आणि दुसरीकडे पाहिले. हे मी तळ्याहून आणलेले पहिले सामान.

चुलीचे मी त्या दिवशी बोललो नाही. सकाळी तिच्या आधी उठून चुलीपुढे बसलो. सोडणे दवाने ओली होती. धूर इतका झाला की चाचा कुंपणापाशी येऊन ओरडले, "भाऊ, आग लागली काय?"

"चूल पेटवतोय."

"तू? आणि वहिनी?"

"पडवीत आहे."

चाचा कुंपणावरून वाकले. "मग ती सोडणं वरच्या बाजूने कोरडी कर आधी, गाढवा," ते म्हणाले. "खाली झावळीची पाती घाल. जाहिराती जमवून चूल पेटत नाही."

बायको पडवीतून दोनदा आत आली आणि दोन्ही वेळा मी तिला परत पाठवले. मुलगी फुंकणी मागायला आली, तिलाही दिली नाही. विहिरीवरच्या बायकांना कळायला दुपार लागली नाही. त्या आठवड्यात वखारीत एक गाडीवान म्हणाला की काट्याशेजारी वरवंटा ठेवू का. मी वजन सांगितले आणि पुढचे पोते घ्यायला सांगितले. दमून घरी जावे आणि सकाळी पुन्हा डोळे चोळत धुरात बसावे, याची सवय होते असे लोक म्हणतात. मला झालेली नाही. पावसाळ्यात तर रोज सकाळी वाटते की आज नको. पण पडवीतून शीळ ऐकू येते, कधी मोठी, कधी बारीक, आणि मी फुंकत राहतो.

ते वर्ष गेले. तिला चाळिसावे लागले त्या सुमारास तिने ट्रंकेतला खण काढून मुलीकडे दिला आणि शिंप्याकडे टाकून ये म्हणाली. माप नवे घ्यायला सांगितले, कारण मधल्या काळात ती अंगाने उतरली होती. त्या वर्षी तळ्याला कोणी जाणारा मिळाला, त्याच्याबरोबर तिने आमच्या वाडीची निवडक सुपारी पाठवली. 'पहिल्या आणि दुसऱ्या दोघींना', असा निरोप दिला. सुपारी पोचली, असे उलट कळले. आणखी काही कळले नाही.

त्यालाही आता काही वर्षे झाली. दमा आहे. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, काही रात्री अजून बसूनच जातात. तिला तिच्या आईपेक्षा किती वर्षे जास्त मिळाली, हे मी मनात धरून असतो, तिच्यापुढे बोलत नाही. वैद्य विचारतात तेव्हा चूल मी पेटवतो हे सांगताना मला अजून थोडे अवघड जाते.

दम्याच्या गठ्ठ्यातला तो कागद मात्र आता गठ्ठ्यात नाही. बायकोने तो मागून घेतला आणि चुलीच्या वरच्या भिंतीला भाताच्या पेजेने चिकटवला. उजवीकडची बाई तिने आत दुमडून टाकली आहे. मी सांगितले की धुराने कागद जाईल, असा दुसरा मिळायचा नाही. ती म्हणाली, "या घरात जे राहील ते काम करून राहील."

कागद काळवंडत चालला आहे. वाकून बसलेल्या बाईचे तोंड आता नीट दिसत नाही, खांदे दिसतात. संग्रहाच्या दृष्टीने हे नुकसान आहे. सकाळी फुंकणी ठेवली की माझी नजर तिकडे जाते.